एका खोट्या दानपत्राची गोष्ट: लोरेन्झो वाल्ला आणि कागद तपासायची कला

ज्यांना भाग पूर्ण ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा शांतपणे वाचायचं असतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलण्यातली भाषा थोडीफार तशीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एका कागदाची आहे. हा कागद खोटा होता. पण जवळपास सातशे वर्षं युरोपातले पोप, राजे आणि वकील त्याच्यावर भांडत होते, त्याच्या जोरावर हक्क सांगत होते. आणि मग 1440 साली एका चिडक्या, भांडखोर आणि अफाट हुशार माणसाने तो हातात घेतला, शब्द न् शब्द वाचला आणि विचारलं, ‘अहो, पण हा शब्द तेव्हा होता का?’

तर, चला.

कागद काय सांगत होता?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन तुम्हाला माहीत असेल. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा हाच तो सम्राट. त्याच्या नावावर एक दानपत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की सम्राटाला कुष्ठरोग झाला, पोप सिल्व्हेस्टरने त्याला बरं केलं आणि बाप्तिस्मा दिला. कृतज्ञ होऊन सम्राटाने पोपला रोममधला लॅटरन राजवाडा दिला, खुद्द रोम शहर दिलं, इटली दिली आणि साम्राज्याचा सगळा पश्चिम भाग दिला. स्वतः मात्र राजधानी घेऊन पूर्वेकडे निघून गेला. एवढंच नाही, पोपच्या घोड्याचा लगाम धरून सम्राट मोतद्दारासारखा चालला, असंही त्यात आहे!

आता विचार करा, हा कागद खरा मानला तर त्याचा अर्थ काय होतो? पोप हा नुसता धर्मगुरू राहत नाही. तो अर्ध्या युरोपचा मूळ मालक ठरतो. बाकीचे राजे म्हणजे त्याची कुळं.

आणि हा कागद नुसता पेटीत पडून नव्हता बरं का. 1054 च्या सुमारास पोप नववा लिओ याने कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखाशी वाद घालताना तो पुढे केला. बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याच्या मोठ्या संग्रहातही त्याला जागा मिळाली. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाला आयर्लंडवर हक्क मिळाला, तेव्हा ‘बेटं ही कॉन्स्टंटाइनच्या दानामुळे रोमच्या चर्चची आहेत’ असं कारण सांगितलं गेल्याची नोंद जॉन ऑफ सॉल्सबरी या लेखकाने करून ठेवली आहे. म्हणजे कुठे रोम, कुठे आयर्लंड!

आज अभ्यासकांचं सर्वसाधारण मत असं, की हे दानपत्र आठव्या शतकात कधीतरी लिहिलं गेलं. म्हणजे सम्राट मेल्यावर चारशे वर्षांनी.

ह्यूमनिस्ट म्हणजे कोण?

इथे एक छोटा थांबा घेऊ. ‘ह्यूमनिस्ट’ म्हटलं की आपल्याला मानवतावादी वगैरे वाटतं. त्या काळात तसा अर्थ नव्हता. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र, हे पाच विषय शिकणारी-शिकवणारी मंडळी म्हणजे ह्यूमनिस्ट. पंधराव्या शतकातल्या इटलीत ही जमात जोरात होती. मठांच्या ग्रंथालयांमधून जुनी लॅटिन हस्तलिखितं शोधायची, त्यांच्या नकला करायच्या, दोन नकलांमध्ये फरक दिसला की मूळ शब्द कोणता असेल यावर रात्र रात्र वाद घालायचे, असा त्यांचा उद्योग.

पोट भरण्यासाठी ते राजांकडे नाहीतर पोपकडे लेखनिक, चिटणीस म्हणून नोकरी करत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण या शब्दांच्या नादातून त्यांच्या हाती एक फार मोठी गोष्ट लागली. त्यांना कळलं, की भाषा बदलते. सिसेरोची लॅटिन वेगळी, चौथ्या शतकातली वेगळी, मठातल्या साधूंची आणखी वेगळी. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण याचा पुढचा अर्थ पाहा. भाषा बदलते, म्हणजे प्रत्येक शब्दाला वय असतं. आणि शब्दाला वय असेल, तर कागदाचं वयही काढता येतं!

वाल्ला मैदानात उतरतो

लोरेन्झो वाल्लाचा जन्म रोममधला, साधारण 1407 चा. स्वभाव असा, की जिथे जाईल तिथे भांडण. पाविया शहरात तो वक्तृत्व शिकवत होता. तिथे त्याने कायद्याच्या थोर पंडितांची लॅटिन किती भिकार आहे, यावर एक झणझणीत लेख लिहिला. साहजिकच कायद्याची मंडळी खवळली आणि वाल्लाला पाविया सोडावं लागलं.

फिरत फिरत तो अरागॉनचा राजा अल्फोन्सो याच्या पदरी आला. अल्फोन्सोला नेपल्सचं राज्य हवं होतं. पण पोप चौथा यूजीन त्याच्या विरोधात, दुसऱ्या दावेदाराच्या बाजूने उभा. आणि नेपल्स ही आमची जहागीर आहे, असा पोपचा जुना दावा. अशा ऐन लढाईच्या काळात, 1440 मध्ये, वाल्लाने कॉन्स्टंटाइनच्या दानपत्रावर आपला ग्रंथ लिहिला.

त्याने केलं काय? तीन-चार बाजूंनी हल्ला केला. एकेक पाहू.

पहिला प्रश्न माणसाच्या स्वभावाचा. जो सम्राट साम्राज्यासाठी आयुष्यभर लढला, नातलगांचं रक्त सांडलं, तो अर्धं साम्राज्य असं देऊन टाकेल? त्याची मुलं गप्प बसतील? रोमचं सिनेट गप्प बसेल? वाल्लाने त्या मुलांची, सिनेटची आणि खुद्द पोपची काल्पनिक भाषणंच लिहून टाकली आहेत. वकील जसा कोर्टात उभा राहून बोलतो, तसं.

दुसरा प्रश्न ताब्याचा. बरं, दिलं म्हणता ना? मग घेतलं कधी? कोणते अधिकारी नेमले? कोणत्या सम्राटाने जागा रिकामी केली? कॉन्स्टंटाइननंतरही इटलीवर सम्राटांचंच राज्य चालू होतं. जवळच्या काळातले इतिहासकार या दानाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आणि नाणी? वाल्ला म्हणतो, कॉन्स्टंटाइनची नाणी माझ्याकडे आहेत. पोपने रोमवर राज्य केलं असतं तर पोपचीही नाणी सापडली असती की. दाखवा!

हा नाण्याचा मुद्दा आपल्याकडच्या मंडळींना लगेच कळेल. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, हे नाणं असं बोलून दाखवतं. वाल्ला नेमका हाच पुरावा मागत होता.

तिसरा हल्ला शब्दांवर. आणि इथे खरी मजा आहे.

दानपत्रात सम्राट म्हणतो, की हा निर्णय मी माझे ‘सत्राप’ आणि सिनेट यांच्यासोबत घेतला. सत्राप! हा शब्द मूळ इराणी. प्रांताचा सुभेदार असा अर्थ. आपला ‘क्षत्रप’ हा शब्द त्याच मुळातून आलेला. आत्ताच नहपानाचं नाव घेतलं ना, तोच शब्द. पण रोमच्या दरबारात सत्राप कुठून आले? वाल्ला अक्षरशः ओरडतो. रोमच्या राजपत्रांमध्ये हे पद ऐकलंय का कधी कुणी?

मग मुकुट. दानपत्रात ‘डायडेम’ सोन्याचा आणि रत्नांचा आहे. वाल्ला सांगतो, डायडेम म्हणजे डोक्याला बांधायची कापडी पट्टी. लिहिणाऱ्याने आपल्या काळातल्या राजांचे मुकुट पाहिले आणि तेच सम्राटाच्या डोक्यावर ठेवले.

मग कॉन्स्टँटिनोपल. दानपत्रात या शहराचं नाव ख्रिस्ती धर्माच्या प्रमुख पीठांमध्ये येतं. पण त्याच दानपत्रात सम्राट म्हणतो, की मी आता पूर्वेकडे नवं शहर वसवणार आहे. म्हणजे शहर अजून बांधायचंय, आणि त्याचं धर्मपीठ मात्र आधीच जगप्रसिद्ध! प्रत्यक्षात या नव्या राजधानीचं उद्घाटन झालं 330 मध्ये.

आणि शेवटी एकूण लॅटिनच. वाल्ला म्हणतो, कॉन्स्टंटाइनच्या काळातली चांगली लॅटिन कशी असते ते लॅक्टँटिअस वाचून पाहा. आणि मग हे वाचा. सम्राटाच्या कचेरीत असली मोडकी भाषा लिहिणारा कारकून टिकला असता का?

पण त्याचा हेतू काय होता?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. वाल्लाने हे सगळं सत्याच्या प्रेमापोटी लिहिलं का?

तुम्हीच पाहा. त्याचा मालक पोपशी लढतोय. पोपच्या हक्काचा पाया म्हणजे हे दानपत्र. आणि मालकाचा चिटणीस नेमक्या त्याच वेळी सिद्ध करतो, की दानपत्र खोटं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘अजेंडा’ स्पष्ट दिसतोय. त्यात वाल्लाची भाषा इतकी जहरी आहे, की पोपांना तो सरळ लुटारू म्हणतो.

मग आपण काय करायचं? ‘हा तर राजाचा माणूस’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचं?

इथेच या गोष्टीचा गाभा आहे. हेतू आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाल्लाचा हेतू राजकीय असेलही. पण ‘सत्राप’ हा शब्द रोमच्या दरबाराला शोभत नाही, हे त्याच्या हेतूवर अवलंबून नाही. तुम्ही पोपच्या बाजूचे असलात तरी तो शब्द तिथे तसाच आहे. कुणीही यावं, कागद उघडावा, तपासावं. पुराव्याची ताकद हीच असते, की तो मांडणाऱ्याच्या हेतूपासून सुटा करून पाहता येतो.

शिवाय वाल्ला एकटाही नव्हता. त्याच्या आधी, 1433 मध्ये, निकोलस ऑफ क्यूसा याने या दानपत्रावर शंका घेतली होती, आणि हा गृहस्थ पुढे कार्डिनल झाला. थोड्याच वर्षांनी इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड पेकॉक हा बिशप जवळपास त्याच निष्कर्षाला आला. वेगवेगळे लोक, वेगवेगळी कारणं, उत्तर एकच. असं झालं की समजायचं, पाणी कुठेतरी खरंच मुरतंय.

आणि हेही ध्यानात घ्या, की वाल्ला फक्त शत्रूचेच कागद तपासत नव्हता. लिव्ही हा रोमचा महान इतिहासकार, ह्यूमनिस्ट मंडळींचं दैवत. वाल्लाने त्यालाही धरलं. लिव्हीच्या मते रोमचा शेवटचा राजा टार्क्विन हा आधीच्या टार्क्विन राजाचा मुलगा असावा. वाल्ला म्हणाला, हिशेब करा की! मधल्या राजाने 44 वर्षं राज्य केलं. मग हा मुलगा गादीवर आला तेव्हा किती म्हातारा असेल? आणि त्यानंतर पंचवीस वर्षं राज्य करून वर लढाया कशा मारेल? मुलगा नव्हे, नातू असला पाहिजे. साधी बेरीज-वजाबाकी. पण ती लिव्हीच्या पुस्तकावर करायची हिंमत लागते.

पुढे काय झालं?

वाटेल, की पुस्तक आलं आणि दानपत्र कोसळलं. छे! असं होत नसतं.

1444 मध्ये नेपल्समध्ये वाल्लावर धर्मचौकशी बसली. राजा अल्फोन्सो पाठीशी होता म्हणून तो सुटला. 1447 मध्ये पोप यूजीन वारला आणि गादीवर आला पाचवा निकोलस. हा पोप पुस्तकवेडा. त्याने काय करावं? वाल्लाला रोमला बोलावून नोकरी दिली आणि ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं लॅटिन भाषांतर त्याच्याकडून करून घेतलं!

दानपत्रावरचा ग्रंथ तोपर्यंत हस्तलिखितांतून फिरत होता. तो छापला गेला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. जर्मनीत उलरिख फॉन हुटन याने त्याची आवृत्ती काढली आणि 1520 मध्ये ती मार्टिन ल्यूथरच्या हातात पडली. त्यानंतर वाल्लाचा ग्रंथ पोपविरोधी चळवळीचं हत्यार झाला. आणि साहजिकच दुसऱ्या बाजूने दारं आणखी घट्ट लावली गेली. व्हॅटिकनमध्ये राफेलच्या शिष्यांनी 1520 ते 1524 च्या दरम्यान एक दालन रंगवलं. त्यात कॉन्स्टंटाइन पोपला रोम अर्पण करतोय, असं भलंमोठं भित्तिचित्र आहे. आजही पर्यटक ते पाहतात. 1547 मध्ये व्हॅटिकनचा ग्रंथपाल स्टेउको याने वाल्लाला उत्तर देणारं पुस्तक छापलं.

शेवटी चर्चचाच मोठा इतिहासकार, कार्डिनल बारोनिओ, याने आपल्या इतिहासात दानपत्र बनावट असल्याचं मान्य केलं. तोवर सोळावं शतक संपत आलं होतं. वाल्लानंतर दीडशे वर्षं! आणि तरी बारोनिओ म्हणतो काय, तर हा कागद ग्रीकांनी बनवला. आपल्या घरातला चोर कबूल करणं किती कठीण असतं बघा.

हत्यार चोरांच्याही हाती लागतं

कागद कसा तपासायचा हे एकदा कळलं, की तपासणीतून सुटेल असा कागद कसा बनवायचा हेही कळतं. 1498 मध्ये रोममध्ये एक पुस्तक छापलं गेलं. संपादक होता व्हितेर्बो गावचा आन्निउस नावाचा डॉमिनिकन साधू. त्याने जाहीर केलं, की बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस, इजिप्तचा मनेथो अशा प्राचीन लेखकांचे हरवलेले ग्रंथ मला सापडले. त्यातून सिद्ध काय होत होतं? की नोआ इटलीत आला होता आणि आमचं व्हितेर्बो हे जगातल्या अतिप्राचीन संस्कृतीचं केंद्र होतं! ग्रंथ त्यानेच रचलेले. जुने कोरीव लेख सापडल्याचा देखावाही त्याने उभा केला होता.

पण गंमत ऐका. याच आन्निउसने कोणत्या इतिहासकारावर विश्वास ठेवावा याचे नियम लिहून ठेवले. खासगी लेखकापेक्षा सरकारी दफ्तर आणि देवळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पुरोहितांवर भरवसा ठेवा, असं तो सांगतो. नियम ऐकायला उत्तम आहे. पण तो बनवलाय अशा रीतीने, की त्याचेच बनावट पुरोहित पहिल्या नंबरात पास व्हावेत. काही विद्वानांनी लवकरच शंका घेतल्या. तरी युरोपातल्या कित्येक राजघराण्यांना त्याच्या वंशावळी आवडल्या. आपलं कूळ थेट नोआपर्यंत जातंय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

स्कॅलिजर: शंभर नंबरी हुशार, तरीही...

शेवटचा माणूस. जोसेफ स्कॅलिजर, 1540 ते 1609. फ्रान्समध्ये जन्मला आणि 1593 पासून हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात होता.

त्याचा प्रश्न वेगळा होता. ग्रीक लोक ऑलिंपियाडमध्ये वर्षं मोजत, रोमन लोक वर्षाला कॉन्सलचं नाव देत, कुणी राजाच्या राज्यारोहणापासून मोजत. आपल्याकडे शालिवाहन शक, विक्रम संवत, हिजरी, राज्याभिषेक शक असा घोळ असतो ना, अगदी तसाच. मग कोणती घटना कुठल्या घटनेच्या आधी घडली, हे ठरवायचं कसं? स्कॅलिजरने 1583 च्या आपल्या ग्रंथात ग्रहणांचा आधार घेतला. ग्रहण गणिताने मागे जाऊन काढता येतं, आणि ते कुणाच्या बाजूचं नसतं. त्याने 28, 19 आणि 15 वर्षांची तीन चक्रं गुणून 7980 वर्षांचं एक मोठं चक्र केलं, सुरुवात इ.स.पू. 4713. खगोलशास्त्रज्ञ आजही दिवस मोजताना तीच सुरुवात धरतात.

मग एक पेच आला. एका बायझँटाइन हस्तलिखितात त्याला इजिप्तच्या राजघराण्यांची यादी मिळाली. हिशेब केला तर यातली पहिली घराणी बायबलवरून काढलेल्या विश्वनिर्मितीच्याही आधीची निघाली! स्कॅलिजर श्रद्धाळू ख्रिस्ती. यादी दाबून टाकता आली असती. पण 1606 मध्ये त्याने ती छापली. आपल्या श्रद्धेला न मानवणारा पुरावा त्याने लोकांसमोर ठेवला. मला विचाराल तर आजच्या भागातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे.

आणि तरीही. स्कॅलिजरच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की आपण व्हेरोनाच्या जुन्या राजघराण्याचे वंशज. मुलाने ते आयुष्यभर मानलं आणि अभिमानाने मिरवलं. 1607 मध्ये श्शोप्पे नावाच्या विरोधकाने पुस्तक काढून या वंशावळीत 499 खोट्या गोष्टी मोजून दाखवल्या. स्कॅलिजरने उत्तर दिलं, पण दावा सोडला नाही. जगाचं कालमापन दुरुस्त करणारा माणूस वडिलांच्या गोष्टीपाशी येऊन अडला. बाबिलोन, इजिप्त, रोम तपासून झालं, फक्त घरातली पेटी उघडायची राहिली.

मग आपण काय घ्यायचं?

तुमच्या-माझ्या फोनवर रोज कुठला ना कुठला ‘प्राचीन’ कागद येत असतो. कुणाचं तरी पत्र, कुणाचं तरी वचन, कुठल्या तरी घराण्याची सनद. वाल्लाचे प्रश्न लॅटिन न येताही विचारता येतात. हा शब्द तेव्हा होता का? दुसरीकडे कुठे नोंद आहे का? दिलं म्हणताय, तर घेतल्याचा पुरावा कुठाय? आणि सांगणारा कुणाच्याही बाजूचा असो, हा पुरावा त्याच्याशिवाय उभा राहतो का?

एक प्रश्न मात्र वाल्लाचा नाही, स्कॅलिजरच्या गोष्टीतून आपण शिकायचा आहे. हा कागद मला आवडतोय म्हणून मी तपासत नाहीये का?

जाता जाता. 1457 मध्ये वाल्ला रोममध्येच वारला. तोवर पोपने त्याला लॅटरनच्या चर्चमध्ये मानाचं पद दिलं होतं. तिथेच त्याचं दफन झालं. लॅटरन म्हणजे तेच, ज्याचा राजवाडा कॉन्स्टंटाइनने पोपला दिला असं त्या खोट्या दानपत्रात लिहिलं होतं.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर अशा एखाद्या मित्राला पाठवा, जो सगळं लगेच फॉरवर्ड करतो. भेटू पुढच्या भागात!